त्वचा मुळातच नाजूक असते, की आपण ती नाजूक करून ठेवतो?

निंबोणी

नमस्कार. हा धागा थोड्या संकोचानेच काढते आहे, कारण चेहऱ्याची तक्रार सांगायला लागले की ऐकणाऱ्याला तो नटण्यामुरडण्याचा विषय वाटतो. माझ्यासाठी मात्र तो रोजच्या जगण्याचा प्रश्न झाला आहे. मी लातूरला राहते, वय ४१, शाळेत शिकवते. गेल्या वर्षभरापासून माझ्या गालांवर आणि हनुवटीवर सतत आग होते. दुपारी मैदानावर पाच मिनिटे उभे राहिले, फोडणी देताना कढईवर वाकले, किंवा गरम चहाचा कप तोंडाशी नेला, तरी चेहरा लालबुंद होतो आणि तासभर तसाच राहतो. मुले विचारतात, "बाई, तुम्हाला राग आला का?"

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर असल्यामुळे पाणी मिळते यातच आम्ही समाधान मानतो. पण हे पाणी इतके जड आहे की डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तोटीवर पांढरा थर बसतो. त्यामुळे पहिला संशय माझा पाण्यावरच आहे.

उपाय म्हणाल तर सर्वांनी भरभरून सुचवले. बहिणीने डाळीचे पीठ आणि दही सांगितले, शेजारच्या काकूंनी लिंबू आणि मध, मैत्रिणीने मुलतानी माती. पार्लरमधल्या बाईंनी "तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे" असे निदान करून पाच बाटल्यांचा संच माझ्या हाती ठेवला. प्रत्येक उपायाने आग वाढलीच. सध्या सगळे बंद करून सकाळ-संध्याकाळ फक्त गुलाबपाणी लावते. माझी त्वचा पस्तिशीपर्यंत ठणठणीत होती. अशी चांगली त्वचा मध्येच नाजूक होते का? आणि साबण कोणता वापरावा? जाणकारांनी सांगावे.

पारिजात

निंबोणीताई, तुमचे वर्णन वाचून आपलेच कोणी बोलते आहे असे वाटले. मला उपाय ठाऊक नाही, पण साबणाबद्दल मीही विचारणारच होते. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्ध अंश, ७६ टक्के असलेला साबण सौम्य असतो, असे मी बऱ्याच ठिकाणी वाचले आणि तेव्हापासून तोच आणते. फरक काही पडला नाही.

खलबत्ता

मी नागपुरात औषधांचे दुकान चालवतो. डॉक्टर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण काउंटरच्या या बाजूने पंचवीस वर्षे जे पाहिले, त्यावरून थोडे सांगण्याचे धाडस करतो.

आधी पारिजातताईंच्या टीएफएमबद्दल. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत साबणाचा मूळ स्निग्ध अंश किमान ७६ टक्के, दुसरीत ७० आणि तिसरीत ६० टक्के असावा लागतो. हा आकडा वडीत खरा साबण किती आणि भर किती एवढेच सांगतो. तो सौम्यतेचे माप नाही. साबण कितीही उत्तम श्रेणीचा असला तरी तो अल्कधर्मी असतो आणि त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा पीएच ५ च्या आसपास राहतो. चेहरा धुतल्यावर जी 'ओढल्यासारखी' भावना होते, तिला आपण स्वच्छता समजतो. प्रत्यक्षात ती त्वचेची तक्रार असते.

त्वचेचा सर्वात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, असे समजा. मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा चुना भरलेला असतो. हा चुना घट्ट असेपर्यंत आतले पाणी उडून जात नाही आणि बाहेरचे काही आत शिरत नाही. साबण, गरम पाणी आणि घासाघीस यांनी चुना खरवडला की फटी पडतात, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेला लिंबाचा थेंबही चुणचुणतो. काही जणांची भिंत जन्मापासूनच विरळ असते. २००६ साली फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष सापडले. ज्यांना ते असतात त्यांची त्वचा कोरडी राहते आणि इसबाकडे झुकते. अशा माणसांना लहानपणापासून त्रास असतो, तळहातावर रेषा जास्त दिसतात, घरात कोणाला दमा किंवा सततच्या शिंकाही असतात. तुमचे तसे दिसत नाही.

'संवेदनशील त्वचा' हा शब्दही जपून वापरायला हवा. खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ साली त्याची व्याख्या ठरवली. ज्या गोष्टींनी एरवी काही व्हायला नको, त्यांनी आग, चुणचुण, खाज किंवा टोचल्यासारखे होणे, आणि त्यामागे त्वचेचा दुसरा कोणताही आजार नसणे, असा तिचा आशय आहे. शेवटची अट महत्त्वाची आहे. आधी आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, आणि पार्लरमध्ये ही खात्री कोणी करत नाही.

म्हणून ताई, एकच प्रश्न विचारतो आणि राग मानू नका. गेल्या दोन-चार वर्षांत तुम्ही चेहऱ्याला कोणते मलम लावत होतात का? क्रीम, लोशन असे नव्हे. ट्यूबमधले, औषधाच्या दुकानातून आणलेले.

निंबोणी

खलबत्ता दादा, तुम्ही नेमके बोट ठेवलेत. पहिल्या लेखनात ते लिहायचे मी टाळले होते. धाकटीच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग आले आणि बाळंतपणानंतरही गेले नाही. सहकारी शिक्षिकेने एका ट्यूबचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. दुकानदाराने काही न विचारता ती दिली. पंधरा दिवसांत वांग फिका झाला, चेहरा उजळला, सर्वांनी कौतुक केले. त्यानंतर ती ट्यूब मी जवळजवळ तीन वर्षे रोज रात्री लावली. मध्ये आठ दिवस बंद केली की चेहरा लाल व्हायचा आणि बारीक फोड यायचे, म्हणून मी समजायची की ती ट्यूबच मला मानवते आणि पुन्हा सुरू करायची. गेल्या वर्षी ती बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा बंद झाली. तेव्हापासून ही आग. दोन्हींचा संबंध असेल असे मला आजवर वाटलेच नव्हते. ट्यूबवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे होती.

खलबत्ता

ताई, यात संकोचण्यासारखे काही नाही. माझ्या काउंटरवर ही कहाणी आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते.

त्या तीन नावांतले मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. वांगासाठी अशी तीन औषधे एकत्र करण्याची कल्पना १९७५ पासूनची आहे आणि ती चुकीची नाही. त्वचारोगतज्ज्ञ हे मलम देतात, पण काही आठवड्यांसाठी आणि स्वतःच्या देखरेखीखाली. तेच वर्षानुवर्षे लावले की स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि चेहरा जणू औषधाच्या आधारानेच शांत राहायला शिकतो. आधार काढला की लाली, आग, फोड आणि उन्हाची असह्यता एकदम उसळून येतात. माणूस घाबरून पुन्हा मलम लावतो, बरे वाटते, आणि चक्र सुरू राहते. 'मला हीच ट्यूब मानवते' हे तुमचे वाक्य मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकले आहे. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बाधित चेहरा' असे वेगळे नावच दिले आहे.

प्रमाण किती आहे, ते पाहा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर येत नाहीत, असे म्हणतो. माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण खरे आहे ते आहे. गिऱ्हाईक नाव घेऊन येते, न दिली तर शेजारच्या दुकानात जाते, आणि दुकानदार विचार करतो की आपणच का सोडायचे.

एक गैरसमज मात्र होऊ नये म्हणून लिहितो. स्टेरॉइड हे विष नाही. इसबाला, योग्य जागी, योग्य ताकदीचे, ठरलेले दिवस लावले तर त्यासारखे औषध नाही. प्रमाणासाठी डॉक्टर बोटाचे पेर वापरतात. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो आणि तो दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतो. धाग्यामुळे घाबरून कोणी मुलाच्या इसबाचे चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. चेहऱ्याला दीर्घकाळ लावलेले मलमही एका दिवसात फेकून देण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवणे बरे. तुमची ट्यूब बंद होऊन वर्ष झाले आहे, त्यामुळे ती पायरी गेली. आता त्वचारोगतज्ज्ञांना गाठा, आणि तीन वर्षांचा हिशोब न लाजता सांगा. चेहरा सावरायला काही महिने लागतात.

तोवर चेहऱ्याला जितके कमी लावाल तितके चांगले. कोमट पाणी, सौम्य पीएचचा साबणविरहित क्लेन्झर दिवसातून एकदा, वासाशिवायचे साधे मॉइश्चरायझर, आणि उन्हात झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन. संपले. एका वेळी एकच नवी वस्तू आणा, आणि ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा.

रानवाट

मी फलटणजवळचा शेतकरी आहे. विषय चेहऱ्याच्या औषधाकडे वळला आहे, पण आमच्या घरात घडलेला प्रकार सांगतो, कारण तिथेही 'त्वचा नाजूक झाली' असेच वर्षभर समजले गेले होते.

वडिलांच्या पापण्या सुजायच्या, मान आणि कोपराच्या घड्या काळवंडून जाड झाल्या होत्या, रात्रभर खाज. सर्वांनी उन्हाचा त्रास ठरवला. टोपी, उपरणे, छत्री सर्व झाले. शेवटी साताऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्यांची हनुवटी वर उचलून खाली पाहिले, कानामागे पाहिले आणि म्हणाल्या, "हे ऊन नाही." उन्हाची बाधा जिथे ऊन पोहोचते तिथेच होते. पापण्या, हनुवटीखालची जागा, कानामागचा भाग सावलीत असल्यामुळे वाचतो. वडिलांचे नेमके तेच भाग बिघडले होते. हवेतून येणारी वस्तू मात्र कोणतीही घडी सोडत नाही. ती वस्तू होती गाजरगवत.

हे गवत आपल्याकडे पुण्यात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदले गेले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे म्हणतात, आणि लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले. त्यातले पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या गवताच्या धुळीबरोबर उडते. बांधावर गवत उपटताना हातमोजे घालून काही उपयोग नाही, कारण हल्ला तोंडावर होतो. आम्ही आता ते फुलावर येण्याआधीच पावसाळ्यात मजुरांकडून काढतो, वडील त्या दिवशी घरी थांबतात. शेतावरून आल्यावर कपडे ओसरीवरच उतरवून धुवायला टाकतात. दुखणे नव्वद टक्के आटोक्यात आहे. शेवंतीचे हारही त्यांना चालत नाहीत, कारण ती त्याच कुळातली. गणपतीत याची आठवण ठेवावी लागते.

निंबोणीताईंच्या मैदानाकडेला हे गवत असेल तर तेही पाहावे, एवढेच.

काजूगर

रानवाट यांनी वनस्पतींचा विषय काढला म्हणून कोकणातून दोन ओळी. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य उच्चारणाऱ्याने एकदा आमच्याकडे काजूच्या हंगामात यावे. ओली काजूबी फोडली की टरफलातले तेल बोटांची साल काढते. फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळूनच कामाला बसतात. आंबा उतरवताना देठाचा चीक गालावर उडाला तर काळा डाग आठवडाभर राहतो. आणि बिब्बा तर सर्वांना ठाऊक आहे. काजू, आंबा, बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे आहेत, आणि एक बाधला तर दुसराही बाधण्याचा संभव असतो. धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करत, त्या खुणेने मानेवर चट्टे उठत, आणि इंग्रजांच्या सैनिकांनाही त्याचा चांगलाच प्रसाद मिळालेला आहे. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगीच आलेला नाही.

आजही गावात टाचेच्या भेगांना बिब्ब्याचा चटका देतात. मी लहानपणी तो घेतला आहे. भेग राहिली बाजूला, पाऊल घोट्यापर्यंत उतले.

बेलपान

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण सूर थोडा एकतर्फी होतो आहे असे नम्रपणे सुचवतो. आपल्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या डाळीचे पीठ, साय, उटणे लावले आणि त्यांची कांती उत्तम होती. आज मात्र प्रत्येक घरगुती वस्तूवर संशय घेतला जातो आणि परदेशी कंपन्यांच्या बाटल्यांना अभय मिळते.

गोकर्ण

बेलपान काका, तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. डाळीच्या पिठात साबणासारखा अल्कधर्म नाही, आणि साय ही स्निग्धच आहे. धडधाकट त्वचेला त्याने सहसा काही होत नाही. पण आजीचे उटणे वर्षातून चार दिवस लागत असे, आधी अंगाला तेल चोळलेले असे, आणि ते अंगाला होते, जळणाऱ्या गालांना नव्हते. आपण मात्र तेच घेऊन आठवड्यातून तीनदा गाल घासतो. रोगी त्वचेला डाळीच्या पिठाचा कणही खरखरीत असतो. लिंबाचे तर मुळीच समर्थन करता येत नाही. त्याचा रस तीव्र आम्ल आहे, आणि लिंबाच्या सालीतले द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग राहतात. सरबत करून झाल्यावर उन्हात गेलेल्या लोकांच्या हातांवर हे डाग मी पाहिले आहेत.

तेलांतही फरक आहे. खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल त्वचेला बहुधा मानवते, उलट मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल त्या विटांमधला चुना ढिला करते असे आढळले आहे. तेव्हा प्रश्न देशी-परदेशीचा नाही. परदेशी बाटल्यांना तरी अभय कुठे आहे? 'हायपोअलर्जेनिक' या शब्दाला अर्थ असावा म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७५ साली नियम केला, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी न्यायालयात जाऊन तो १९७७ साली रद्द करून घेतला. तो शब्द आजही तिथे कोणीही कशावरही छापू शकतो. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्येही मूळ वास झाकण्यासाठी दुसरे सुगंधी द्रव्य असू शकते, म्हणून 'फ्रॅग्रन्स फ्री' शोधावे आणि घटकांची यादी वाचावी.

यावरून आठवले. निंबोणीताई, तुम्ही सर्व बंद केले असे लिहिले आहे, पण गुलाबपाणी चालू आहे. त्या बाटलीवर काय लिहिले आहे?

थेम्सकाठ

मी लंडनला राहते. इथले पाणीही खडूच्या डोंगरातून येत असल्यामुळे जड आहे, त्यामुळे निंबोणीताईंचा पाण्यावरचा संशय मला जवळचा वाटला. माझ्या मुलाला इसब आहे. पाणी मऊ करणारे यंत्र बसवावे असे आमच्या मनात होते. जड पाण्याच्या भागांत मुलांना इसब जास्त आढळते, हे खरे आहे. पण यंत्राने बरे होते का, हे पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर प्रयोग झाला, आणि २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार नेहमीच्या उपचारांत यंत्राची भर घालून इसबात फरक पडला नाही. आम्ही यंत्राचे पैसे वाचवले. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून जो चिकट साका तयार करतो, तो त्वचेवर राहतो आणि टोचतो. म्हणजे साबण कमी केला की पाण्याचा उपद्रवही बराच कमी होतो. आंघोळ कोमट पाण्याने दहा मिनिटांत, अंग टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचे.

कोणते, यावर माझ्या आईशी माझे फोनवर फार वाद झाले आहेत. लोशन, क्रीम, जेल आणि मलम या चार प्रकारांची तुलना करणारा प्रयोग इथे ५५० मुलांवर झाला. २०२२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला तो असा की परिणामात फरक नाही. जे आवडते आणि म्हणून नियमाने लावले जाते, तेच चांगले. साधी पेट्रोलियम जेलीही चालते, फक्त लातूरच्या उन्हाळ्यात ती चेहऱ्यावर घामोळे आणेल.

एक सावधगिरी मात्र इथल्या शासनाने २०१८ पासून ठळकपणे सांगितली आहे. रोज लावलेले मॉइश्चरायझर कपड्यांत, चादरीत मुरते, धुऊनही पूर्ण जात नाही, आणि असे कापड ज्वाळेजवळ गेले तर भराभर पेटते. आपल्याकडे समई, निरांजन, गॅसची शेगडी आणि ओढणी यांचा रोजचा सहवास आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

अक्षता

मी बराच वेळ वाचत होते, आता माझे सांगते. माझ्या कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज आणि मग टिकलीएवढाच पांढरा डाग उमटला. घरात सर्वांच्या डोळ्यांपुढे कोड आले. डॉक्टरांनी सांगितले की टिकलीच्या डिंकात जे फिनॉल जातीचे रसायन असते, त्याने काही जणींच्या त्वचेतल्या रंगपेशी मरतात. टिकली बंद केली, औषध घेतले, डाग पुष्कळ भरून आला.

त्यानिमित्ताने मी पॅच टेस्ट करून घेतली, तिची माहिती देते, कारण पुष्कळ जण तिच्याऐवजी रक्तातली महागडी ॲलर्जी तपासणी करून बसतात. रक्ताची तपासणी धूळ, परागकण, अन्न यांच्या तत्काळ प्रतिक्रियेबद्दल काही सांगते. त्वचेला लागून दोन दिवसांनी उठणाऱ्या चट्ट्यांचे कारण तिच्यात दिसत नाही. पॅच टेस्टमध्ये पाठीवर छोट्या वाट्यांतून निकेल, क्रोमियम, सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, केसांच्या कलपातले पीपीडी, टिकलीच्या डिंकातले राळ अशी वीसेक द्रव्ये चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून पाहतात आणि ९६ तासांनी पुन्हा पाहतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा येतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. म्हणून एप्रिल-मे टाळावा. पाठीला स्टेरॉइड मलम लावलेले नसावे, आणि पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर आधीच सांगावे.

कलपाचा उल्लेख आलाच आहे तर, लग्नसराईत 'काळी मेंदी' काढून घेऊ नका. पानाची मेंदी तांबडी रंगते आणि ती सहसा बाधत नाही. काळ्या रंगासाठी तिच्यात पीपीडी मिसळतात, आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की पुढे आयुष्यभर केसांना पीपीडी असलेला कलप लावता येत नाही.

निंबोणी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा भिंगातून पाहिला आणि ट्यूबचे नाव मी सांगायच्या आतच विचारले, "किती वर्षे लावलीत?" खलबत्ता दादांनी लिहिले होते ते जवळजवळ शब्दशः त्यांनी सांगितले. मला स्टेरॉइड नसलेले एक मलम, पोटातून काही आठवड्यांच्या गोळ्या आणि सनस्क्रीन दिले आहे. वांगाबद्दल त्या म्हणाल्या की सध्या त्याला हात लावायचा नाही, चेहरा शांत होऊ दे, मग बघू. मैदानाकडेला गाजरगवत होते, ते मुख्याध्यापकांना सांगून काढून घेतले, पण माझ्या पापण्या आणि हनुवटीखालची जागा स्वच्छ असल्यामुळे तो संशय गेला.

गोकर्ण यांचा प्रश्न वाचला त्या रात्री बाटली हातात घेतली. चार वर्षे वापरत होते, पण पाठीमागची बारीक अक्षरे कधी वाचली नव्हती. पाणी, सुगंधी द्रव्य, रंग आणि परिरक्षक. गुलाबाचा अर्क यादीत कुठेच नव्हता. तरीही माझा खरा संशय टिकलीवर होता, म्हणून अक्षता यांच्या सांगण्यावरून नवरात्र झाल्यावर पॅच टेस्ट करून घेतली. दोन दिवस पाठीवर पट्ट्या आणि चार दिवस शाळेत पंख्याखालची खुर्ची. टिकलीचा डिंक निर्दोष निघाला. निकेल निर्दोष. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची जागा मात्र ९६ तासांनी लाल, फुगीर आणि बारीक पुटकुळ्यांनी भरलेली होती. म्हणजे ट्यूबने भिंत पाडली, आणि वर्षभर मी आग शांत व्हावी म्हणून जे दोन वेळा लावत होते, तेच त्या फटींतून आत जात होते.

गुलाबपाणी बंद करून पाच आठवडे झाले. चहाने गाल अजून लाल होतात, पण दहा मिनिटांत उतरतात. फोडणीच्या वेळी मी खिडकी उघडते आणि झाकण हातात ठेवते. साबण आता फक्त हातापायांना. बाटलीत अर्धे गुलाबपाणी शिल्लक होते, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या गुलाबदाणीसाठी ठेवले आहे. शिंपडायला जाऊबाई उभ्या राहतील, मी वाण देण्याच्या बाजूला बसेन.